मुशीच्या तेलातला ट्रॅक्टर

हेड उघडलं आणि कमळाकर दोन पावलं मागं सरला. ट्रॅक्टरच्या इंजिनातून डिझेलचा नाही, माशाचा वास येत होता.

"मैना, इकडं ये गो," त्यानं हाक मारली. "तुझ्या बापानं ट्रॅक्टरची होडी केलीय बघ."

मैना शेडच्या दाराशी बसून रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धूत होती. तिची तीन वर्षांची शांती गोणपाटावर आडवी झाली होती, एक हात डोक्याखाली घेऊन, थेट मोठ्या माणसासारखी. पोर झोपली की मैनाचा दिवस सुरू व्हायचा आणि पोर उठली की संपायचा. तेवढ्या दीड-दोन तासांत ती नवऱ्याच्या शेडमध्ये येऊन बसे. सुरुवातीला सासूला ते पटलं नव्हतं, पण सुनेनं धुतलेला बोल्ट हातात घेऊन बघितल्यावर सासूच म्हणाली होती, "माझी भांडी पण अशी घासत जा गो बाय."

ती उठून इंजिनापाशी गेली. वास नाकात गेला आणि ती हसलीच नाही. हा वास तिच्या लहानपणीचा होता.

"मुशी माशाचं तेल," ती म्हणाली. "बाबा होडीला लावतात."

"होडीला लावतात ते मला म्हायती हाय. पण सिलिंडरात?"

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिकेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर कमळाकरची ही पत्र्याची शेड. रोह्यातली त्याच्या वयाची बहुतेक पोरं कंपनीत शिफ्टला जायची. हा मात्र जुने बुटके ट्रॅक्टर गोळा करायचा. मोठे ट्रॅक्टर आले आणि हे छोटे लोकांनी गोठ्यात ढकलून दिले, कुणी त्यांच्यावर कोंबड्या बसवल्या. बनवणाऱ्या कंपन्याही बंद पडल्या, सुटे भाग मिळायचं नाव नाही. कमळाकर तीन मेलेले आणायचा आणि त्यातून एक जिवंत करायचा. एकाचं चाक, दुसऱ्याचा गिअर, पाण्याच्या इंजिनाचा डिझेलपंप, जीपचा रेडिएटर. भाताच्या लहान खाचरांत मोठं धूड वळत नाही, म्हणून त्याच्या ट्रॅक्टरांना गिऱ्हाईक होतं.

पण हा ट्रॅक्टर विकायचा नव्हता. हा मैनाच्या बापाचा होता.

पेणच्या खारेपाटात, खाडीला लागून वाघखार म्हणून गाव आहे. तिथं तिच्या बापानं, काळुरामनं, सत्याहत्तर साली हा एका सिलिंडरचा, हँडल मारून चालू करायचा तांबडा ट्रॅक्टर आणला, तेव्हा गावात दुसरं यंत्र म्हणून नव्हतं. अख्ख्या गावाची चिखलणी त्यानं केली. मैना मडगार्डवर बसून असायची. बाप स्टिअरिंगला हात लावू देत नव्हता. "पाय पोचू दे क्लचला, मग देईन," म्हणायचा. दर वर्षी ती सीटवर बसून पाय लांब करून बघायची. दर वर्षी चार बोटं कमी पडायची. आणि ज्या वर्षी पाय पोचला असता, त्या वर्षी खांड गेली.

खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. उधाणाचं पाणी रात्रीतून आत आलं आणि राहिलं. पुढच्या उधाणाला भगदाड मोठं झालं. भाताच्या जागी चिखल, चिखलाच्या जागी तिवराची झुडपं. बांधून काढू, बांधून काढू करता करता अकरा वर्षं गेली. काळुरामनं होडी घेतली आणि जिथं त्याची शेती होती तिथंच जाळं टाकायला लागला. मैनाला वाटायचं, माणसानं स्वतःच्या शेतात मासे धरावे याहून वाईट काय असेल? बापानं मात्र कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त दर वर्षी जेठात होडी पालथी घालून तिला मुशीचं तेल लावताना, उरलेलं तेल तो ट्रॅक्टरला लावायचा. चाकाच्या रिमला, नांगराच्या दात्यांना, भोकाभोकांच्या लोखंडी सीटला. अकरा वर्षं खारा वारा खाऊनही पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

"बाहेरनं बाप शहाणा," कमळाकर बोटानं पिस्टनवरचा तपकिरी थर खरवडत म्हणाला, "आणि आतनं बघ. नोझल काढून भोकातनं ओतलंय. सुकून राळ झालीय. पिस्टन हालत नाय, जाम हाय."

मैनाला एकदम आठवलं. आई, म्हणजे इंदुबाई, मागे कधीतरी हसत सांगत होती. चौथ्या वर्षी हँडल फिरेनासं झालं, तेव्हा बाबांना वाटलं तेल कमी पडलं. त्यांनी आणखी ओतलं. पुढच्या वर्षी आणखी. होडी कोरडी पडली की फुटते, तेल पाजलं की टिकते. खाडीकाठच्या माणसाला एवढं ठाम ठाऊक. ट्रॅक्टरलाही तहान लागली असणार.

"सुटेल ना हो?" तिनं विचारलं.

"बघू," कमळाकर म्हणाला. तो नुसतं 'बघू' म्हणतो म्हणजे काय, हे चार वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं.

ट्रॅक्टर आणायची टूम तिचीच. होळीला ती माहेरी गेली होती. होळीच्या माळावर गाव जमला आणि ठरलं की यंदा खांड बांधायचीच. सरकारची वाट बघायची नाही. पूर्वीसारखं जोळ करायचं, घरटी एक माणूस बांधावर. चैत्र वद्य अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरतीचं पाणी सगळ्यात कमी चढतं त्या चार दिवसांत, चिकण माती आणि लाकडी मेढी घालून भगदाड बुजवायचं. चुकलं तर पुढं उधाण, त्याच्या पुढं पाऊस, आणि आणखी एक वर्ष पाण्यात. माती मात्र लांबून, बांधाच्या माथ्यावरनं आणायची होती. गेल्या वर्षी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर घातला तर बांधच खचला.

"काळूचा बुटका असता तर," केरूतात्या बोलला. जोळाचा म्होरक्या तो. "पण तो काय आता. वासानं मांजरं तेवढी जमतात त्याच्याकडं."

माळावर सगळे हसले. काळुराम नाही हसला. तो होळीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मैना बापाच्या मागं लागली. "आमी नेतो बाबा. हे करतील नीट."

"नको."

"का नको? तुमचा जावई यातलाच हाय."

काळुराम जाळं विणत होता. हात थांबवले नाहीत. एक गाठ मारून म्हणाला, "हितं हाय तवर तो बंद हाय. तिकडं नेलास आणि नाय चालला, तर तो मेला. कळतंय का तुला? बंद आणि मेला यात फरक हाय."

"चालेल."

"मग ने. पण ऐक मैना. चालला तर आण. नाय चालला तर तिकडंच मोडीत घाल. मेलेला परत माझ्या दारात आणू नको."

आता शेडमध्ये, उघड्या इंजिनासमोर उभी राहून तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. बापाकडं एवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती तिनं उचलून आणली होती.

भांगाला एकोणतीस दिवस होते.

बाकीचं काम जमत गेलं. कोलाडला हायवेच्या कडेला एक भंगारवाला आहे, त्याच्याकडं पाण्याच्या इंजिनाचा डिझेलपंप मिळाला. त्याच घराण्याचा, चार भोकांपैकी तीन जुळणारा. चौथं भोक कमळाकरनं पाडलं. पुढची चाकं जीपची. स्टिअरिंग कुठल्यातरी टेम्पोचं, मधे कुणीतरी गणपती चिकटवलेला. क्लचची प्लेट माणगावच्या एका मेलेल्या ट्रॅक्टरातून काढली. मैना एकेक वस्तू धुवायची, पुसायची, फडक्यावर ओळीनं मांडायची. कुणाकुणाच्या शेतातलं हे सगळं, तिला वाटायचं. कुणीतरी घामेजल्या हातानं हे चाक फिरवलं असेल. आता बाबांच्या हाताला ते ओळखू येईल का?

पिस्टन मात्र हलेना. रॉकेल भरून पाच दिवस ठेवलं. डिझेल भरून चार दिवस. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्यानं ठोकलं.  एका दुपारी कमळाकरनं पाना खाली टाकला.

"जोरानं मारला तर फुटेल. असला पिस्टन आता जगात कुठं मिळायचा नाय. तुझ्या बाबांना कळवू या का?"

"नाय," मैना म्हणाली. "मेला म्हणून मी सांगायची नाय."

"मग तू सांग काय करू ते! मुशीचं तेल तुमच्या घरचं, मला काय ठावं ते कशानं निघतं!"

तो रागानं बोलला होता, पण मैना तिथंच थांबली. खरंच, कशानं निघतं? माहेरचं आंगण तिच्या डोळ्यांसमोर आलं. होडीला तेल लावलेली फडकी. वाळली की पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. आई ती फेकायची नाही. चुलीवर हंडा चढवायची, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, आणि उकळी. तासाभरात फडकी मऊ, पाणी काळं.

"सोडा," ती म्हणाली. "धुण्याचा. उकळत्या पाण्यात."

"इंजिनात? वेडी का काय? आत अल्युमिनियम हाय, खाईल सोडा."

"थोडा वेळ ठेवायचा. मग लगेच पुसायचं."

कमळाकरनं तिच्याकडं बघितलं, मग इंजिनाकडं. "माझा उस्ताद वरनं बघत असला तर जोडा हाणेल मला," तो म्हणाला आणि स्टोव्ह पेटवायला गेला.

तीन वेळा कढत पाणी ओतलं, तीन वेळा उपसलं. पहिल्यांदा चहासारखं आलं, मग काकवीसारखं. शेडभर असा वास सुटला की पुलावरनं जाणारी बाई थांबून विचारून गेली, "सुकट भाजताय का गो?" शांती जागी झाली आणि नाक धरून ओरडायला लागली, "आजोबा आले! आजोबा आले!"

चौथ्या वेळी कमळाकरनं ठोकळा ठेवून हळूच टोला दिला. ठक्. काहीच नाही. दुसरा दिला. पिस्टन नखभर खाली गेला.

  संध्याकाळपर्यंत तो पूर्ण खाली आला, आणि सिलिंडरचं आतलं अस्तर, लायनर, पुसल्यावर कमळाकर खाली वाकून बघतच राहिला. आरशासारखं होतं. गंज नाही, चरा नाही.

"सासरेबुवांनी जाम केला म्हणून वाचला," तो पुटपुटला. "कोरडा ठेवला असता तर पाण्यानं खाल्ला असता. आता ह्याला चूक म्हणू का काय म्हणू?"

भांगाच्या पाच दिवस आधी सकाळी त्यानं हँडल मारलं. दहा वेळा मारलं. अकराव्याला धुराचा एक गोळा आला, आणि मग टक्... टक्... टकटकटक. शांती टाळ्या पिटत नाचली. कमळाकर घाम पुसत बायकोकडं वळला तर ती दाराला धरून उभी.

"आता रडतेस कशाला? चालला की!"

 आवाज तोच होता, पण त्याच्या भोवतीचं काहीच नव्हतं. चिखलाचा वास नव्हता, मागून येणारे बगळे नव्हते, बांधावर भाकरीचं फडकं घेऊन उभी असलेली आई नव्हती. आवाज एकटाच आला होता.

टेम्पोतून ट्रॅक्टर वाघखारला उतरवला तेव्हा निम्मा गाव वेशीवर. कमळाकरनं हँडल मारलं. काळुराम घरातून आला नाही. इंजिन चालू झालं तरी आला नाही. मग ओसरीवर दिसला. पायऱ्या उतरताना डावा गुडघा वाकत नव्हता, होडीत पडल्यापासून तो तसाच. तो ट्रॅक्टरपाशी आला, कान लावून उभा राहिला.

"आवाज बदललाय," तो म्हणाला.

मैनानं कमळाकरकडं बघितलं.

"पंप दुसऱ्याचा हाय ना?" काळुरामनं जावयाला विचारलं.

"व्हय बाबा. पाण्याच्या इंजिनाचा."

"तरीच. ह्याला जरा घाई झालीय." त्यानं सीटवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. "पण हाय. जिता हाय."

केरूतात्यानं डोळे मिचकावले. "काळू, मांजरं आता कुठं जायची रे?"

"तुझ्या घरी," काळुराम म्हणाला. अकरा वर्षांत त्यानं केलेली ही पहिली थट्टा असावी, कारण इंदुबाईनं तोंडावर पदर घेतला.

वद्य अष्टमीच्या सकाळी ओहोटी लागली आणि जोळ सुरू झालं. लहान ट्रॉलीत चिकण भरली. कमळाकर सीटवर बसला, बांधावर चढला आणि दीडशे पावलांवर मागचं चाक खाडीच्या बाजूनं हातभर खचलं. माणसं धावली, दोर लावून ओढून घेतला. आणखी वीतभर गेला असता तर ट्रॉलीसकट खाडीत.

"जावईबापू, उतरा तुमी," काळुराम काठी टेकत आला. "तुमी यंत्राकडं बघताय. हितं बांधाकडं बघाय पायजे. खेकड्या-चिंबोऱ्यांनी खाडीकडनं पोखरलाय तो. शेताच्या अंगानं चालवायचा, कुठं कुठं तर माथा सोडून."

"मग तूच बस," केरूतात्या म्हणाला.

काळुरामनं गुडघ्यावर थाप मारली. "हा क्लच दाबंल काय?"

पेणहून कुणी ड्रायव्हर आणू या, असं कुणीतरी म्हणालं. आणीपर्यंत पाणी फिरलं असतं. काळुराम गर्दीकडं बघत होता. मैना मागे उभी होती, शांतीला कडेवर घेऊन. या बांधावरून ती रोज बापाची भाकरी घेऊन गेली होती, अनवाणी, सात-आठ वर्षं. कुठली जागा पायाखाली भुसभुशीत लागते हे तिच्या तळव्यांना अजून ठाऊक होतं. आणि शेडमध्ये नवरा गाडीखाली पडलेला असताना ट्रॅक्टर दहा फूट पुढं, दहा फूट मागं तिनं कितीदा घेतला होता. पण हे तिनं बापाला कधी सांगितलं नव्हतं.

बापानं तिला हाक मारली नाही. फक्त विचारलं, "पाय पोचतो का गो?"

 तिनं शांतीला आईकडं दिलं, पदर कमरेला खोचला आणि सीटवर चढली. लोखंडी सीट ओळखीची होती, भोकांचा गारवासुद्धा. स्टिअरिंग तेवढं परकं. तिनं डावा पाय टाकला. क्लच खालपर्यंत गेला, आणि वर चार बोटं पाय उरला.

काळुराम पुढं चालू लागला. काठीनं बांध ठोकत, आवाज ऐकत, मागं न बघता हात उजवीकडं, हात डावीकडं. ती त्याच्या हातामागं गेली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बुडालेलं शेत, मधे बापाची पाठ. दुपारी भरती लागली की थांबायचं, ओहोटी लागली की पुन्हा. शांतीला भूक लागली की इंदुबाई तिला बांधाच्या तोंडाशी घेऊन यायची. ट्रॅक्टर चालू ठेवूनच मैना तिला घास भरवायची, आणि काळुराम काठीवर रेलून दुसरीकडं बघायचा.  चवथ्या दिवशी शेवटच्या खेपेनंतर भरती आली, नव्या मातीला लागली, हुंगल्यासारखं करून थोडी थांबली आणि बाहेरच राहिली. माणसांनी आरडाओरडा केला. केरूतात्या चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मैना सीटवरून आत बघत होती. आतलं पाणी उघाडीतून, बांधातल्या झडपेतून, ओसरत होतं आणि त्याखालून शेत दिसायला लागलं होतं. काळं, पांढऱ्या मिठाच्या कडांचं. आपलं खाचर कुठलं, तिला ओळखता आलं नाही.

"कवा पिकंल बाबा?"

"तीन पावसाळं गोडं पाणी पडाय पायजे. मग बघू." त्यानं काठीनं बांधाची कड ठोकली. "मी असंन-नसंन."

"असं काय बोलता?"

"तू हायस ना," तो म्हणाला, जणू ही अगदी साधी गोष्ट होती, आणि काठी टेकत घराकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई निघाले तेव्हा काळुरामच्या हातात तेलाचा डबा होता. कमळाकरनं तो बघितला आणि धावत गेला.

"बाबा, नोझलला हात लावायचा नाय. शपथ घ्या."

"बाहेरनं तरी लावू का?"

"बाहेरनं लावा. पायजे तेवढं लावा."

कमळाकर टेम्पो घेऊन पुढं गेला. मैना शांतीला घेऊन पेणहून रोह्याच्या एसटीत बसली. शांती मांडीवर लगेच झोपली. मैनाच्या हातांना डिझेलचा वास होता आणि त्याखाली, कितीही धुतले तरी, मुशीच्या तेलाचा. तिनं हात नाकाशी नेला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. वळणावर एसटी ड्रायव्हरनं गिअर बदलला की तिचा डावा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा.

"पाय दुखतोय काय गो?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"नाय," ती म्हणाली आणि पाय जवळ ओढून घेतला. पुढच्या वळणाला तो पुन्हा पुढं गेला.